पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. पारायणाला बसलेली मंडळी तो बहुधा भरभर उरकतात. त्यात ब्रह्मनिरूपण नाही, मायेचा उलगडा नाही, राजकारणाची खुबीही नाही. आहे काय, तर कागद, बरू, शाई, सुऱ्या, कातऱ्या आणि पानावर रेघा कशा आखाव्यात याचा तपशील. वीस दशके, दोनशे समास आणि ७७५१ ओव्या एवढा पसारा असलेल्या ग्रंथात हा छोटासा समास सहज नजरेआड होतो. पण नववी-दहावीतल्या मुलांना दासबोधातले एकच काही वाचून दाखव, असे मला कोणी म्हटले, तर मी हाच समास उघडीन. अभ्यासाची सवय कशी जडते याबद्दल मराठीत इतक्या बारकाईने लिहिलेले दुसरे काही माझ्या वाचनात नाही.

आमच्या इंदुरात या विषयाला सध्या तोटा नाही. भंवरकुआँ चौकातून संध्याकाळी जावे, तर पाठीवर दप्तर घेतलेल्या मुलामुलींचे थवेच्या थवे एका क्लासातून निघून दुसऱ्या क्लासाकडे जाताना दिसतात. शाळा दुपारी सुटते, क्लास रात्री सुटतो, आणि जेवण झाल्यावर दहा वाजता शाळेचा होमवर्क समोर येतो. तो हल्ली पालकांच्या व्हॉट्सअॅपवर आलेला असतो. आई मोबाइल पुढे धरते, मूल उतरवून घेते, पानाचा फोटो काढून पाठवते आणि झोपते. केंद्र सरकारच्या २०२०च्या दप्तर धोरणात नववी ते बारावीच्या मुलांना दिवसाकाठी जास्तीत जास्त दोन तासांचा गृहपाठ असावा, सहावी ते आठवीला एक तासाचा, असे लिहिलेले आहे. या मर्यादेबद्दल पालकसभेत वाद होतात. गृहपाठ किती, हे सगळे विचारतात. तो कसा करायचा असतो, हे मुलाच्या शेजारी बसून दाखवणारे माणूस मात्र घरोघरी कमी झाले आहे. समर्थांचा हा समास वाचताना मला नेमके तेच माणूस भेटते. उपदेशकाचा सूर बाजूला ठेवून ते मुलाच्या खांद्यावरून पानात डोकावते आणि म्हणते, हा काना बघ, ही ओळ बघ.

समास सुरू होतो अक्षरापासून. बाळबोध अक्षर घोटून घोटून सुंदर करावे, जाणत्याने पाहताच त्याला समाधान वाटावे, हे पहिले सांगणे. पुढच्या ओवीत ते अक्षर डोळ्यांपुढे उभे राहते: वाटोळे, सरळ, मोकळे, शाईच्या काळेपणाने ओतल्यासारखे, आणि ओळी मोत्यांच्या माळांसारख्या. ही उपमा ओळखीची आहे, अक्षराला मोती म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. पण समर्थ तिच्यावर रेंगाळत नाहीत. लगेच पुढच्या ओवीत ते कामाला लागतात. अक्षर, त्याचा पैस, काने, आडव्या मात्रा, वेलांट्या, एकेक वेगळे काढून तपासतात, आणि त्या एका ओवीत ‘नीट’ हा शब्द तीन वेळा येतो. ओवीचे पहिले तीनही चरण त्याच शब्दावर येऊन टेकतात. मोठ्याने म्हणून पाहा: तीन चरण एकाखाली एक सारख्या लांबीचे, सारख्या शेवटाचे, आणि चौथा आखूड. नीटपणाबद्दलची ओवी स्वतःच आखलेल्या रेघांवर लिहिल्यासारखी कानाला लागते. दुसऱ्या एखाद्या कवीने ‘नीट’ला तीन प्रतिशब्द शोधले असते. समर्थांनी शोधले नाहीत, कारण नीटपणाला प्रतिशब्द चालत नाही. तो पुन्हा पुन्हा तोच असावा लागतो.

यानंतर येते ती ओवी, जिच्यासाठी मी हा समास मुलांपुढे ठेवते. आशय एवढाच: ग्रंथाचे पहिले अक्षर जसे काढले, तसेच ते ग्रंथ संपेपर्यंत राहावे, सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिला असे वाटावे. तिच्या पाठची ओवी याच गोष्टीचा तपशील देते. शाईचा काळेपणा, टाकाचा ठोसरपणा, अक्षराचे वळण आणि वाकण, सगळे शेवटपर्यंत सारखे.

आता शाळकरी मुलाची कोणतीही वही उघडा. इंदुरात तिला मराठी घरांतही कॉपीच म्हणतात. माझ्याकडे शेजारची एक मुलगी येते, यंदा दहावीत आहे. तिची विज्ञानाची कॉपी माझ्या टेबलावर होती. पहिल्या धड्याची, रासायनिक अभिक्रियांची, पाने पाहून हरखून जावे. मथळा जांभळ्या पेनाने, त्याखाली दुहेरी रेघ, समीकरणांतले बाण पट्टीने काढलेले, दोन्ही बाजूंचे अणू मोजून बाजूला पेन्सिलीने लिहिलेले. प्रकाशाच्या धड्यापर्यंत येताना जांभळा पेन हरवला होता. अंतर्वक्र आरशाची आकृती हातानेच काढलेली, किरणांना बाणांची टोके नाहीत, त्यामुळे किरण आरशाकडे चालला आहे की आरशाकडून परत येतो आहे हे तिला स्वतःलाही सांगता येईना. विजेच्या धड्यात तर नुसती उत्तरे. चार ओहम, दोन अँपिअर. सूत्र नाही, पायरी नाही. कॉपी एकच, पण त्यात तीन वेगळ्या मुली लिहीत असाव्यात असे वाटले.

हा दोष तिच्या एकटीचा नाही. एप्रिलमध्ये आमच्याकडे नवे सत्र लागते, तेव्हा खजुरी बाजारातल्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा नसते. नव्या कॉप्या, नवी कव्हरे, नावाची लेबले, नव्या पेनांचे संच. त्या गर्दीत मुलांचे चेहरे पाहावेत. वर्षभर नीट अभ्यास करायचा हा त्यांचा निश्चय त्या दिवशी अगदी खरा असतो. पहिल्या पानावर तो उतरतोही. निश्चयाचे बळ तेवढेच असते, चार-सहा पानांचे. समर्थांना हे पक्के ठाऊक असणार, कारण ते पहिल्या अक्षराचे कौतुक करतच नाहीत. पहिले अक्षर कसे काढावे यावर वेगळी ओवी नाही. पहिले अक्षर कोणालाही सुंदर काढता येते. त्यांची नजर शेवटच्या अक्षरावर आहे, आणि पहिल्याचा उपयोग शेवटचे ताडून पाहण्यापुरता.

मग शेवटपर्यंत सारखेपणा राहायचा कसा? इथे समास ज्या वाटेने जातो ती मला फार मोलाची वाटते. मन आवरा, जिद्द धरा असे काही न म्हणता ते सरळ पानाकडे येतात. पान शिशाने आखून घ्यावे, मग त्या रेघांवर नेमके लिहावे. ओळींमधले अंतर कुठे जास्त, कुठे कमी होऊ नये. ओळ ओळीला लागू नये, वरच्या ओळीची वेलांटी खालच्या मात्रेत घुसू नये, लांब अक्षराचे पाऊल खालच्या ओळीवर पडू नये. सारखेपणाचे ओझे त्यांनी लिहिणाऱ्याच्या मनावरून उचलून आखलेल्या रेघेवर ठेवले. लिहिणारा थकेल, कंटाळेल, त्याचे चित्त उडेल. रेघ कंटाळत नाही. अभ्यासाच्या सवयीबद्दल आज शाळांतून जी व्याख्याने होतात त्यांत इच्छाशक्तीचा महिमा फार असतो. माझे मत अगदी उलट आहे आणि ते या समासाने घडवले आहे. ज्या मुलाची बसण्याची जागा रोज तीच आहे, वेळ तीच आहे, पाण्याचा पेला आणि टोक केलेली पेन्सिल बसण्याआधी जागेवर आहे, त्याला इच्छाशक्ती फार थोडी लागते. रोज नव्याने जागा शोधणाऱ्या, चार्जर शोधणाऱ्या, काल कुठपर्यंत आलो होतो हे शोधणाऱ्या मुलाची सगळी शक्ती त्या शोधातच जाते. उरते त्यात तो अभ्यास करतो, आणि आपण त्याला आळशी म्हणतो.

त्या मुलीला मी नवी कॉपी घेऊ दिली नाही. नवी कॉपी म्हणजे पुन्हा चार सुंदर पाने. त्याच कॉपीत, जिथे होती तिथून, पुढची पाच पाने आधी आखून ठेव म्हटले: डावीकडे समास सोडायचा, उजवीकडे गणिताच्या पायऱ्यांसाठी एक पट्टा. शाळेत फळ्यावरून उतरवून घेताना तिला विचार करायला वेळ नसतो, पण पट्टा रिकामा दिसला की पायरी राहिली हे कळते. विजेचे प्रश्न तिला येत नाहीत असे तिच्या घरी म्हणत होते. पायऱ्या लिहू लागल्यावर दिसले की तिला सूत्रे पाठ आहेत, ती समांतर जोडणीत रोध मिळवल्यावर शेवटी उलटा करायचा विसरते. एवढेच. नुसत्या उत्तरांच्या पानावर ही चूक वर्षभर दडून राहिली असती. समर्थ म्हणतात की लिहिलेल्यात कुठे अडावे लागू नये, शोधूनही चूक मिळू नये. माझा अनुभव असा की अंतर राखून लिहिलेल्या पानावर चूक असली तर ती आपण होऊन उठून दिसते, आणि मग ती राहत नाही.

समासाच्या मधल्या भागात वयाचा विचार आहे. ज्याचे वय कोवळे आहे त्याने जपून लिहावे, लोकांना भुरळ पडेल असे लिहावे. आणि लगेच पुढे सावधगिरी: तरुणपणी फार बारीक अक्षराची हौस करू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, मध्यम आकार धरावा. या ओवीत समर्थांची दूरदृष्टी मला सर्वांत जास्त दिसते. बारीक, रेखीव अक्षर काढता येणे ही तरुण डोळ्यांची मिरवण्याची गोष्ट असते. कागद वाचतो, लोक वाहवा करतात. पण आज लिहिलेले उद्या आपल्यालाच वाचायचे आहे, डोळे मंदावल्यावरही वाचायचे आहे. म्हणून आज जे जमते त्याच्या टोकाला न जाता नेहमी जमेल तेवढेच धरावे. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात मुले भिंतीवर वेळापत्रके लावतात. पहाटे चारला उठणे, रात्री बारापर्यंत वाचन, मध्ये पंधरा मिनिटे जेवण. ही बारीक अक्षरातली वेळापत्रके. तिसऱ्या दिवशी मोडतात, आणि मोडताना मुलाच्या मनात आपल्यात काही कमी आहे असा डंख ठेवून जातात. रोज दीड तास, पण सणावारीही दीड तास, हे मध्यम अक्षर आहे. त्याची वाहवा होत नाही. ते टिकते.

त्याला लागूनच समासाची, म्हणजे कडेच्या कोऱ्या जागेची ओवी येते. भोवती जागा सोडावी, मधे झळझळीत लिहावे, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. पोथी हाताळून हाताळून कडेने झिजते, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच हे सुचेल. दिवसाच्या कडाही अशाच झडतात. कोणी पाहुणे येतात, वीज जाते, डोके दुखते. ज्याने दिवस काठोकाठ भरून ठेवला त्याचा त्या दिवशीचा अभ्यासच झडतो.

आता मांडणीतली एक गोष्ट. एखादा शिक्षक हाच विषय शिकवता तर साहित्यापासून सुरुवात करता: कागद असा घ्या, बोरू असा तासा. समर्थ तसे करत नाहीत. आधी पूर्ण झालेले सुंदर पान दाखवतात. मग असा ग्रंथ लिहावा की पाहणाऱ्या प्राणिमात्राला हेवा वाटावा, हा माणूस कोण ते एकदा पाहायला हवे असे लोकांनी म्हणावे, अशी महत्त्वाकांक्षा जागी करतात. त्यानंतर एकच ओवी येते, देह पुष्कळ कष्टवावा, उत्कट कीर्ती मागे ठेवावी, लोकांना कशाची तरी चटक लावून सोडावी. आणि ती संपताच साहित्याची यादी. कष्टाची ओवी अशी बरोबर बिजागरीच्या जागी बसवली आहे. तिच्या एका अंगाला मोह, दुसऱ्या अंगाला हत्यारे. मोह नसता तर कष्ट ही शिक्षा झाली असती; हत्यारे नसती तर ती नुसती घोषणा राहिली असती. मुलाला अभ्यासाला बसवणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी किती जण आधी मोह दाखवतात? एखादे सुंदर सोडवलेले गणित, एखादी चोख आकृती, वरच्या वर्गातल्या कुणाची तरी जपून लिहिलेली कॉपी मुलापुढे ठेवून बघ कसे आहे असे म्हणतात? बहुतेक जण थेट कष्टाच्या ओवीवर येतात आणि तिथेच थांबतात.

साहित्याची यादी तर वाचतच राहावी अशी आहे. जाड कागद आणावा, त्याला नेमकी खळ द्यावी. सुऱ्या, कातऱ्या, कागद गुळगुळीत करायचे घोटे. देशोदेशीचे बरू, तेही पारखून, घट्ट, बारीक, सरळ असे. टाक तोडण्याचे नाना प्रकार, रेघा आखण्याचे नाना प्रकार. तांबड्यासाठी हिंगूळ, अळित्याचे साठे, शाईचा संग्रह. यात एक शब्दही वर्णनासाठी म्हणून आलेला नाही, पण वाचता वाचता एका लेखनिकाची बैठक पुढे उभी राहते. बोटांना लागलेली शाई दिसते. संसार सोडलेल्या संन्यस्त पुरुषाला वस्तूंबद्दल इतके प्रेम कसे, असा प्रश्न एखाद्याला पडेल. मला त्यात विसंगती दिसत नाही. आपल्या मालकीची म्हणून वस्तू जपणे वेगळे आणि कामाची म्हणून जपणे वेगळे. ज्या मुलाला आपल्या कंपासपेटीतल्या कर्कटकाचा स्क्रू सैल झालेला कळतो आणि जो तो भूमितीच्या तासाआधी घट्ट करून ठेवतो, त्याच्या भूमितीची मला काळजी वाटत नाही.

या समासाचे प्रेमाने वाचन करताना एका ठिकाणी मात्र थांबलेच पाहिजे. त्याचा पहिलाच शब्द ब्राह्मणाला उद्देशून आहे. सतराव्या शतकातल्या लेखनिकांच्या जगाचे ते प्रतिबिंब आहे असे म्हणता येईल, पण म्हणून ते टोचायचे राहत नाही. इंदुरात राहणाऱ्या वाचकाला तर नाहीच. इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर महू आहे. तिथल्या लष्करी शाळेत रामजी सकपाळ शिकवत होते आणि तिथेच १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव जन्मले. पुढे मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळे कुटुंब राहत असताना, त्यांचा एल्फिन्स्टन हायस्कूलचा अभ्यास कसा चाले, हे त्यांच्या चरित्रांतून आपण वाचले आहे. त्या खोलीतच स्वयंपाक, तिथेच जळण, उशाशी जाते, पायाशी बकरी. मुलगा लवकर निजे. वडील दोन वाजेपर्यंत जागत, मग त्याला उठवून स्वतः त्या जागी झोपत. मिणमिणत्या दिव्यापुढे मुलगा पहाटेपर्यंत वाची. १९०७ साली तो मॅट्रिक झाला.

ही हकिकत मुलांना सांगताना दारिद्र्यावर मात केलेल्या जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच. पण मला त्यात रामजींचे पान आखणे दिसते. खोली एक, माणसे पुष्कळ, दिवसा शांतता मिळणे अशक्य. तर दिवसाच्या चोवीस तासांत जी कोरी जागा सापडली, रात्री दोननंतरची, तिच्यावर त्यांनी रेघ मारली. मुलाने किती वाजता निजायचे, आपण किती वाजेपर्यंत जागायचे, कोणी कोणाच्या जागी झोपायचे, सगळे ठरलेले. मुलाला रोज नव्याने निश्चय करावा लागला नाही, बापाने उठवले की उठायचे. समासाच्या पहिल्या शब्दाने ज्या घराला बाहेर ठेवले, त्या घरात त्या समासाचे मर्म पुरे आचरणात आले. दासबोधावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने ही दोन पाने शेजारी शेजारी ठेवून वाचावीत असे मला मनापासून वाटते. तो पहिला शब्द आज वाचताना मी ‘विद्यार्थ्याने’ असा घेते आणि मुलांना मूळ शब्दही सांगते. लपवण्यात अर्थ नाही.

लेखनक्रियेचा समास जागा आणि साधने सांगतो, वेळ सांगत नाही. ती सांगितली आहे अकराव्या दशकाच्या तिसऱ्या समासात, शिकवणीच्या. नरदेहाचे दुर्लभपण सांगत तो सुरू होतो आणि बघता बघता दिनक्रमावर येतो. सकाळी उठून काही पाठांतर, देवाचे स्मरण, स्नान, पूजा, थोडा फलाहार, मग आपला धंदा. ज्याचा जो व्यापार त्यात त्याने खबरदार असावे. आणि इथे लक्ष उडालेल्या माणसाचे जे चित्र येते ते चार क्रियापदांचे आहे. तो चुकतो, ठकतो, विसरतो, सांडतो; चारही क्रिया एकाच चरणात, एकीच्या पाठीवर दुसरी, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. नंतर आठवले की चरफडतो. दप्तरात नेमकी आजची कॉपी नाही, क्लासात कळले की उद्या टेस्ट आहे, पाण्याची बाटली शाळेतच राहिली: रोजच्या पालकांच्या तक्रारीच त्या एका चरणात भरल्या आहेत. मुलगा हुशार आहे, पण लक्ष नाही, असे जे आपण म्हणतो त्याला समर्थांचा शब्द दुश्चित. त्यावरचा त्यांचा उतारा ऐकून मला पहिल्यांदा नवल वाटले होते. मन एकाग्र असावे, कारण मग जेवण गोड लागते. मार्क मिळतील, नोकरी लागेल असे काही नाही. एकाग्रतेचे पहिले फळ म्हणजे समोरच्या ताटातल्या अन्नाची चव. मोबाइल ताटाशेजारी ठेवून जेवणाऱ्या मुलाला दुसरे कुठलेही कारण पटत नाही तेव्हा हे पटते, कारण ते त्याला त्याच दिवशी पडताळून पाहता येते.

जेवणानंतरचा क्रम तर आजच्या शिक्षणशास्त्रालाही मान्य व्हावा असा आहे. काही वाचावे, मग चर्चा करावी, मग एकांतात जाऊन त्या ग्रंथांचे विवरण करावे. वाचन, बोलणे, एकट्याने उकलणे, याच क्रमाने. सकाळच्या पाठांतराशी याची सांगड घातली की मधे एक रात्र गेलेली असते, आणि पाठांतर पोथी मिटून, तोंडाने करायचे असते. अमेरिकेत सेंट लुइसच्या विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो मिटून आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. मुले गाईडमधल्या उत्तरांवर पिवळा मार्कर फिरवत बसतात तेव्हा त्यांना अभ्यास झाल्यासारखे वाटते ते याच पाच मिनिटांच्या जोरावर. माझ्याकडे येणाऱ्या मुलीला मी सकाळी शाळेत निघण्याआधी कॉपी न उघडता काल काय झाले ते आजीला सांगायला लावते. आजीला प्रकाशाचे परावर्तन कळत नाही, म्हणून ती मधेच विचारते, आणि ती विचारते तिथेच नातीला आपल्याला काय कळलेले नाही ते कळते. चर्चा म्हणतात ती हीच.

मला या दोन समासांचा सर्वांत मोठा गुण कोणता वाटतो, तर त्यांत धाक नाही. दासबोधात मूर्खाची लक्षणे आहेत, करंट्याची आहेत, समर्थांची जीभ तिखट होऊ शकते. शिकवणीच्या समासातही शहाणा न झालेल्याची दैन्यवाणी स्थिती एका ओवीत येऊन जाते. पण लेखनक्रिया सांगताना त्यांचा स्वर कारागिराचा आहे. वाईट अक्षर काढणाऱ्याला तिथे कोणी नावे ठेवत नाही. चांगले अक्षर कसे असते याकडेच सगळे लक्ष. आमच्याकडे पालक-शिक्षक भेटीत मुलाची कॉपी उघडली जाते ती बहुधा तांबड्या शेऱ्यांचे पान दाखवायला. हिंगुळाचा उपयोग समर्थांच्या काळी पोथी सजवायला होत असे.

हे सगळे त्यांनी ऐकीव लिहिले नसल्याचा पुरावा उपलब्ध आहे. तरुणपणी नाशिकजवळ टाकळीला राहत असताना त्यांनी अवघे वाल्मीकी रामायण स्वतःच्या हाताने उतरवून काढले. शंकर श्रीकृष्ण देवांनी आयुष्य वेचून समर्थ संप्रदायाची जी हस्तलिखिते गोळा केली, त्यांत ते रामायण आहे आणि धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात ते जपून ठेवलेले आहे. चोवीस हजार श्लोकांचे काव्य, बोरूने, आखलेल्या पानांवर. ते उतरवणाऱ्याचे वय आपल्याकडच्या कॉलेजातल्या मुलांपेक्षा फारसे जास्त नसेल. इंदूरहून धुळे आग्रा-मुंबई रस्त्याने सेंधव्यावरून सरळ आहे, सकाळी लवकर निघाले तर दुपारच्या आत पोचता येते. शाळांच्या सहली दरवर्षी मांडूला जातात, महेश्वरला जातात, जावेच. एखाद्या वर्षी नववीचा एक वर्ग धुळ्याला न्यावा. मुलांना तिथे काही भाषण देऊ नये. सुरुवातीचे एक पान आणि शेवटाकडचे एक पान पाहायला मिळावे अशी विनंती करावी, आणि दोन्ही पाने नीट पाहून झाल्यावर प्रत्येकाने आपली कॉपी दप्तरातून बाहेर काढावी.